केगमध्ये अडकलेला आंबा

लुडविग्सहाफेन,
रविवार, २० जुलै

ती. पद्माकरमामांस,

हातपाय शाबूत असलेल्या मयुरेशचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मीनलमामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असं आईकडून कळलं. त्यांना म्हणावं, डोळे चांगले झाले असले तरी हे पत्र तुम्ही वाचू नका. फोन सोडून कागदावर का लिहितोय ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या फोनवरचा मेसेज तुमच्याआधी घरातली चार माणसं वाचतात आणि त्यातलं एक जण तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतं. आम्ही सर्व इथे ठीक आहोत. ‘सर्व’ म्हणजे मी, वल्लरी आणि जूनपासून आमच्याकडे आलेल्या वल्लरीच्या आई. १२ जुलैच्या शनिवारी दुपारी बारा ते तीन या वेळात मात्र यातलं कोण ठीक राहील याची मला खात्री नव्हती.

मामा, आता जरा बसून वाचा. मी घरी बिअर बनवतो. गेली दोन वर्षं. चोरून नाही, इथल्या कस्टमच्या ऑफिसला रीतसर कळवून. (थोडक्यात, जर्मन सरकारला माहीत होतं, सासूबाईंना माहीत नव्हतं.) आमच्या इमारतीत प्रत्येक घराला तळघरात एक खोली असते, तिथे लोक सायकली, गाडीचे टायर आणि न लागणारी लग्नातली भांडी ठेवतात. मी बादली ठेवतो. सासूबाई येणार म्हटल्यावर वल्लरीने त्यांना सांगून टाकलं की खाली मयुरेशचं ऑफिसचं काहीतरी प्रयोगाचं चाललेलं असतं. ते पूर्ण खोटंही नव्हतं. माझं ऑफिसचं काम म्हणजे कारखान्यातल्या दाबाच्या टाक्यांची सुरक्षितता. दर महिन्याला नव्या लोकांना मी तीन तास समजावतो की टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला तर काय होतं. चौदाव्या स्लाइडवर त्याचे फोटो आहेत. ती स्लाइड पडद्यावर आली की मी स्वतः खिडकीबाहेर बघतो.

तळमजल्यावर हेर (म्हणजे श्रीयुत) ड्रेक्सलर राहतात. आमच्या इमारतीतले सगळ्यात जुने भाडेकरू, त्यांची झोपायची खोली बरोब्बर माझ्या बादलीच्या डोक्यावर. जुलैत त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती, अंगणात चाळीस माणसं जेवायला येणार होती, आणि मे महिन्यात जिन्यावर गप्पा मारताना माझ्या तोंडून निघून गेलं की बिअर मी देतो, आंब्याची. जर्मन माणसाला कधीही असं बोलू नये, मामा. आपल्याकडे तो विषय तिथेच संपला असता. यांनी खिशातून डायरी काढून लिहून घेतलं आणि दुकानात सांगून ठेवलेली बिअर रद्द केली.

आता थोडं रसायन, तुम्ही साखर कारखान्याच्या लॅबमध्ये जन्मभर रस गाळलात म्हणून लिहितो. बिअरला कडवट चव आणि वास येतो तो हॉप्स नावाच्या फुलांचा. त्यांच्या दाबलेल्या हिरव्या गोळ्या मिळतात, दिसायला म्हशीच्या पेंडीसारख्या. बिअरमध्ये पडल्या की त्यांचा चिखल होतो. त्यात मी टाकला आंब्याचा गर, मोजून साडेआठशे ग्रॅम. हे सगळं आंबून झालं की वरची नितळ बिअर एकोणीस लिटरच्या पोलादी पिंपात भरायची. त्याला केग म्हणतात. केगच्या आत तळापर्यंत जाणारी एक बारीक नळी असते, तिच्या तोंडाशी पेनाच्या टोपणाएवढी झडप असते, आणि त्या झडपेतून आंब्याची एक रेषासुद्धा जात नाही. म्हणून गाळायला हवं. पण वरून धो धो ओतून गाळलं तर हवा मिसळते आणि बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते. म्हणजे गाळलं नाही तर अडकणार आणि गाळलं तर बिघडणार. गेले दोन महिने मी या दोन भीतींच्या मधल्या जागेत राहत होतो.

शुक्रवारी दुपारी लवकर घरी येऊन मी कामाला लागलो. सासूबाई वर झोपल्या होत्या. नळीच्या टोकाला बारीक जाळीची पिशवी बांधली, ती दोन मिनिटांत भरून फुगली, सुटली आणि बादलीच्या तळाशी गेली. मी हात घालून ती शोधायला लागलो (निर्जंतुक हात, पण तरी हातच) तर तळाचा सगळा गाळ वर उठला. आणि तो किती, मामा! मी तीनदा हिशेब केला, साडेआठशे ग्रॅम गराचा एवढा चोथा होऊच शकत नाही. घाबरून वर गेलो, स्वयंपाकघराच्या खणातलं पहिलं पांढरं फडकं घेतलं आणि सगळी बिअर त्यातून ओतली. अर्धी झाल्यावर लक्षात आलं की हे सासूबाईंचं चक्का टांगायचं फडकं आहे, सांगलीहून आणलेलं. थांबणं शक्य नव्हतं. फडक्याने हॉप्स अडवले खरे, पण कोपऱ्यावरून किती रेषा घसरून आत गेल्या ते मला दिसत होतं, आणि मी ते न बघितल्यासारखं करून झाकण लावलं. फडकं धुऊन, इस्त्री करून, घडी जशी होती तशी घालून खणात ठेवलं. मग वर एक पोळपाट ठेवला.

शनिवारी बाराला खाली गेलो. केगवरच्या गेजचा, म्हणजे दाबमापकाचा, काटा तीन बारवर. मी गॅस दिला होता फक्त एकपर्यंत आणि रात्री सिलिंडर बंद केला होता. म्हणजे आतलं यीस्ट अजून कुठलीतरी साखर खात होतं आणि गॅस सोडत होतं. केगवर दाब सोडायला एक कडी असते, ती ओढली. फुस्स करून एक हिरवा थेंब आला आणि आवाज बंद. पुन्हा ओढली. काही नाही. बिअर बाहेर जायच्या झडपेतून सोडून पाहिली, तीही बंद. काटा तीनच्या पुढे सरकला.

चांगला केग आठ-नऊ बार सहज सोसतो हे मला माहीत आहे. मी लोकांना शिकवतो. पण हा केग मी कायझर्सलाउटर्नच्या एका विद्यार्थ्याकडून जुना विकत घेतला होता आणि त्याच्यावरची माहितीची पट्टी कोणीतरी खरवडून काढलेली होती. चौदाव्या स्लाइडवरच्या टाकीचीही अशीच होती. वरून ड्रेक्सलरांच्या चपलांचा आवाज येत होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पुन्हा परत. मी त्यांनी माझ्या खोलीत ठेवलेल्या हिवाळी टायरांच्या थप्पीमागे जाऊन बसलो आणि वल्लरीला फोन लावला. ती मानहाइमला एका ट्रेनिंगमध्ये होती. मी म्हटलं, घर उडेल. ती म्हणाली, “या, या, गेनाऊ,” म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, “मी नंतर करते,” आणि फोन ठेवून दिला. फायर ब्रिगेडला बोलवावं तर इमारत रिकामी करणार, पंचाहत्तरीला आलेला माणूस बर्म्यूडा घालून रस्त्यावर उभा राहणार, आणि सोमवारी माझ्या ऑफिसात कळणार की सुरक्षा अधिकाऱ्याच्या तळघरात काय सापडलं. शेवटी मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘धोका! कृपया आत येऊ नये’, आणि दारावर चिकटवलं.

कागद जर्मनमध्ये होता. सासूबाईंना जर्मन येत नाही.

कपडे धुवायची मशिनंही तळघरातच आहेत. त्या धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन सरळ आत आल्या आणि टायरांमागे बसलेल्या जावयाकडे बघत राहिल्या.

“काय झालं हो?”

“आई, मागे व्हा. फुटेल ते.”

त्यांनी केगकडे पाहिलं, गेजकडे पाहिलं, वाकून वास घेतला. मला वाटलं, संपलं. आता बिअर कळली, फडकं कळलं, सगळंच कळलं. त्या म्हणाल्या, “शिट्टी अडकली आहे का?”

“हो. म्हणजे तसंच.”

“मग बघत काय बसलास? गार कर आधी. गरम कुकर उघडतं का कोणी?”

मामा, लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांनी मला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. आणि बरोबर तेच होतं. बिअर गार झाली की गॅस तिच्यात विरघळतो आणि दाब उतरतो. हे मला विद्यापीठात दोन सेमेस्टर शिकवलंय. त्या क्षणी आठवलं नाही.

आम्ही दोघांनी केग उचलून (त्यांनी पुढून धरला, मी डोळे मिटून मागून) कपडे धुवायच्या सिमेंटच्या टाकीत ठेवला, गार पाणी सोडलं, त्यांनी फ्रीझरमधला सगळा बर्फ आणि मटाराच्या चार पिशव्या आणून आत टाकल्या. मी म्हटलं, आई, तुम्ही आता वर जा. त्या उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या आणि कपड्यांच्या घड्या करायला लागल्या. “तू एकटा बसणार का घाबरत? मी पण बसते.” दोन तास बसलो. काटा बघत काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही का? त्यांनी हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाल्या की इथे आल्यापासून त्या एकट्या कोपऱ्यावरच्या बेकरीपलीकडे गेलेल्या नाहीत. वल्लरीला रोज सांगतात, फिरून आले. खरं म्हणजे बेकरीपाशी दहा मिनिटं उभ्या राहतात आणि परत येतात. कोणी काही विचारलं आणि उत्तर देता आलं नाही तर? ट्राम चुकली तर? सांगलीत बत्तीस वर्षं शाळा चालवलेली बाई, मामा. मी म्हटलं, मीही इथे पहिले सहा महिने न्हाव्याकडे गेलो नव्हतो. त्या हसल्या. काटा दोनच्या खाली आला होता.

तो एकच्याही खाली आल्यावर मी पाना घेऊन वरची झडप पाव-पाव फेऱ्याने सैल केली, वर ओला टॉवेल धरून. तरीही शेवटी एक हिरवी-पिवळी चिळकांडी सुटली, छतावर गेली, दिव्यावरून वळली आणि सासूबाईंच्या नुकत्याच घडी केलेल्या कपड्यांवर पडली. आंब्याची एक लांब रेषा दिव्याला लटकत राहिली. इमारत जागेवर होती. मी खाली बसून रडलो, थोडंसंच. त्या म्हणाल्या, “आता वरून ओतू नकोस. चोथा आपोआप खाली बसू दे, आणि फडकं नळीच्या तोंडाला दुहेरी बांध. चक्क्याचं आहे ना, तेच घे. पोळपाटाखाली आहे.”

(त्यांना इस्त्रीवरून कळलं होतं. चक्क्याच्या फडक्याला इस्त्री कोण करतं?)

तीन दिवस बिअर थंड ठेवली, गाळ तळाला बसला, फडकं उकळून नळीला बांधलं आणि वरची बिअर हळूहळू दुसऱ्या केगमध्ये घेतली. एकोणीसची तेरा लिटर उरली. काल अंगणात हेर ड्रेक्सलरांनी पहिला ग्लास उजेडात धरला. त्यांनी एक घोट घेतला, आणखी एक घेतला आणि म्हणाले, पिण्यासारखी आहे. वल्लरीने कानात सांगितलं की इकडच्या माणसाकडून याहून मोठं कौतुक होत नाही. पुठ्ठ्याची चव मला लागली. दुसऱ्या कोणी काही म्हटलं नाही.

बाकी सर्व क्षेम. मी बिअर बनवणं कायमचं सोडलं आहे. मामींना नमस्कार.

तुमचा,
मयुरेश

ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहितो. काल सासूबाईंनी गाळ राहिला नाही ना ते बघायला एक चमचा घेतला, आणि मग एक लहान ग्लास. तेव्हा शेजारी बसलेल्या फ्राउ (म्हणजे श्रीमती) ड्रेक्सलरांनी त्यांना येत्या गुरुवारी ट्रामने बाजाराला यायचं बोलावणं केलं, आणि आज सकाळी सासूबाईंनी आपलं दोन ऑगस्टचं परतीचं तिकीट बदलून अठ्ठावीसचं करून घेतलं. हे आमच्या सासऱ्यांना कोणीतरी सांगायला हवं. भास्करराव व्हिसा मिळूनही आले नाहीत, कारण या देशात जेवणासोबत बिअर पितात हे त्यांना कुणीतरी सांगितलं. मला त्यांच्याशी फोनवर बोलायची हिंमत नाही. तुम्ही दोघं रोज सकाळी कृष्णेकाठी फिरायला जाता, हे स्थळही तुम्हीच आणलं होतंत, तेव्हा घाटाच्या पायऱ्या चढून ते दमलेले असतील अशा वेळी हळूच विषय काढावा. बिअरचा उल्लेख टाळावा. पत्र पोस्टाच्या पेटीत टाकायला सासूबाई निघाल्याच आहेत, एकट्या, म्हणून इथेच थांबतो.

ता. क. २ : पद्माकरराव, सा. न. वि. वि. मी विभावरी. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. पोस्टाच्या पायरीवर बसून लिहिते आहे. पहिली गोष्ट, बादलीत काय आहे ते मला आल्याच्या आठवड्यातच कळलं होतं. चव घेतली, फार कडू लागली, आणि माणूस एवढं मन लावून करतोय म्हणून मी येताना आणलेली साखर घालून आटवलेल्या आंब्याच्या रसाची बाटली, त्याने गाळायच्या आदल्या दिवशी, त्यात ओतली. मदत म्हणून. हे त्याला सांगू नये. दुसरी गोष्ट, ह्यांच्याशी मी कालच फोनवर सगळं बोलले, ग्लासासकट. ते म्हणाले, व्हिसा अजून चालतो, मी स्वतः येऊन बघतो. शुक्रवारचं विमान आहे. हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा ते इथे पोचलेले असतील, त्यामुळे तुम्ही काही त्रास घेऊ नये. मयुरेशला अजून सांगितलेलं नाही. बिचारा परवापासून जरा नीट झोपतो आहे.