बॉम्बच्या बेटावरचे दोघे, आणि मी

२ मे

पत्र आलं! पासष्ट वर्षांनी! अणुबॉम्बची चाचणी झाली त्या बेटावर पाठवलेल्या खलाशांना पदक देणार आहेत. सेरूने पत्र तीनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाला, "वासिती, आमच्यातले बहुतेक मेले याची आधी खात्री करून घेतलेली दिसते!" आणि इतका हसला की कवळी सावरावी लागली. नवरा माझा चौऱ्याऐंशीचा. तिकडे गेला तेव्हा एकोणीसचा पोर.

४ मे

नौदलाचा कोट काढला. पोटावर बटण लागेना. म्हटलं, श्वास रोखून धर. "अख्खा समारंभ?" शेवटी शिवण उसवून दोन बोटं कापड सोडलं.

७ मे

घोळ झालाय. पदकांच्या यादीत एमोसीचं नावच नाही! एमोसी म्हणजे सेरूचा जिवलग. नावुआ गावी राहतो, पाय गेलेत, चाकांच्या खुर्चीवर असतो. बेटावर दोघांना एकच काम होतं — स्फोटाने आंधळे झालेले पक्षी किनाऱ्यावरून गोळा करायचे आणि पुरायचे. उघड्या हातांनी. मग तिथल्याच पाण्यात आंघोळ, तिथलेच मासे. साठ वर्षांच्या संसारात मला सांगितलंय ते एवढंच.

"तो नाही तर मीही नाही," सेरू म्हणाला. कोट परत पेटीत.

१० मे

राजधानीला, सुवाला, नौदलाच्या कचेरीत गेलो. टेबलामागची मुलगी गोड, पण तिचा संगणक म्हणे असा माणूसच नव्हता. तेव्हा सेरूने एमोसीचा नौदलातला क्रमांक घडाघडा म्हणून दाखवला. "माझ्याहून एक कमी. भरतीच्या रांगेत मला ढकलून पुढे घुसला होता, विसरेन कसा?" सापडला! कुणीतरी नावाच्या जागी त्याच्या गावाचं नाव लिहून ठेवलं होतं.

फोनवर एमोसी — "म्हणजे बोटीवर अख्खं गाव होतं? तरीच बुडायला आली होती!"

१३ मे

अळूचे कंद उकडले, मासे नारळाच्या दुधात. कोट इस्त्री करून खाटेवर. उद्या!

१४ मे

काय दिवस गेला! अधिकारी पदक लावायला वाकला तर एमोसी म्हणतो, "जपून हं साहेब, टोचलं तर दुसरं मागेन!" मंडपभर हशा. मग दोघांनी सलाम ठोकला, आणि सेरूच्या कोटाचं बटण तुटून थेट बँडवाल्यांत!

पुरुष यांगोनाच्या, त्या मुळं कुटून केलेल्या पेयाच्या, वाट्या घेऊन बसले. बेटावर गेलेल्या खलाशांच्या आम्ही सहा बायका मागे ताटं वाढत होतो. लेवुका गावची एक विधवा सहज बोलून गेली, "माझी तीन पोटातच गेली." शेजारची म्हणाली, "माझी दोन." माझ्या तोंडून निघालं, "चार. एकही राहिलं नाही."

हातातला डाव हातातच राहिला. सासू म्हणायची, हिची कूसच खोटी. मीही तेच मानत आले. मग बाकीच्याही एकेक करून बोलल्या, आणि सहाही जणींना घरोघरी हेच ऐकवलेलं! कारण ते बेटच, असं कुणी लिहून दिलेलं नाही. पण आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. का कोण जाणे, लेवुकाची बाई हसायला लागली. मग सगळ्याच. हसता हसता रडलो. ताटं गार झाली.

किती हलकं वाटतंय!

१५ मे

सकाळी चहा घेताना सेरूला सांगितलं. तो हसला नाही. पायांकडे बघत म्हणाला, "मला वाटायचंच. लग्नाआधी नौदलाचा डॉक्टर म्हणाला होता, मुलांचा विचार जपून कर. तुला सांगितलं असतं तर तू हो म्हणाली नसतीस."

मित्राचं नाव यादीत नाही म्हणून रुसून बसणारा हा माणूस!

१६ मे

बोलले नाही.

१९ मे, रविवार

चर्चमध्ये सेरू पदक लावून उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आभार मानणार. म्हणाला, "आमची चार मुलं गेली. दोष वासितीचा नव्हता. मला शंका होती, तरी मी गप्प बसलो आणि तिला बोलणी खाऊ दिली." आणि खाली बसला.

मी अजून त्याच्याशी बोललेले नाही. उद्या बोलेन.