जजच्या चाकांखालची लिंबं

४ ऑगस्ट, रविवार
भंगार म्हणे! ताईला गाडीतलं काय कळतं? मिरजेत बसून फोटो बघते आणि म्हणते, पत्र्याला भोकं पडलीत, तुझ्या अकलेला पडलीत तशी. अगं, ही १९७० ची पॉन्टिअॅक जीटीओ ‘जज’ आहे. व्ही-एट इंजिन. फार थोड्या उरल्यात. दोन वर्षांची शिल्लक घालून घेतली. नीट करून विकली की तिप्पट. मग आप्पांची बायपास एका दमात. महिन्याला दोनशे डॉलर पाठवून कुणाचं हृदय दुरुस्त होतं? म्हणून ते सध्या बंद केलेत. याला प्लॅनिंग म्हणतात.
डॉक्टर म्हणालेत, दिवाळीच्या आत करा. गाडी गणपतीत सुरू होणार. भरपूर वेळ आहे.
गाडी शोभना काकूंच्या गॅरेजमध्ये आहे. मी त्यांचेच जेवणाचे डबे पोचवतो, इथं अमेरिकेत, एडिसन गावभर. पूजाही त्यांनीच केली. हळदकुंकू, नारळ, चारी चाकांखाली लिंबू. म्हणाल्या, सुरू केलीस की यांच्यावरूनच बाहेर काढ.

१८ ऑगस्ट
कार्बुरेटर खोलला. सोपं आहे.

१९ ऑगस्ट
कार्बुरेटर जोडला. तीन स्क्रू उरले. आधीच्या मालकानं जास्तीचे घातले असणार.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
सुरू नाही. दसऱ्याला नक्की.
आप्पांचा फोन. स्टँडमागं चाळीस वर्षं गॅरेज चालवलं त्यांनी. दहावी नापास झालो तेव्हा मलाही हाताखाली घेतलं होतं, पण मी दोन महिन्यांत पळालो. आता फोनवरून शिकवतात. मधेच धाप लागते, तरी शिकवतात. विचारलं, प्लग ओला आहे का कोरडा? म्हटलं, ओला. बघितला नव्हता.

२२ सप्टेंबर
काकूंचा मुलगा देवांग आला. इथंच जन्मलेला. काचेखालचा चासी नंबर बघून हसायलाच लागला. म्हणाला, ब्रो, धिस इज नॉट अ जज. जीटीओचा नंबर २४२ नं सुरू होतो, तुझा २३७ नं. पॉन्टिअॅकचीच साधी, स्वस्तातली लेमान्स आहे, वरून स्टिकर लावलेत. समबडी गॉट यू, ब्रो, कुणीतरी गंडवलंय तुला.
मी म्हटलं, नंबर मारणाऱ्याची चूक असेल. आमच्या रेशनकार्डावर माझं नाव तीन वर्षं रुक्मिणी होतं. म्हणून मी काय रुक्मिणी झालो?
लिंबं काळी पडायला लागलीत.

१२ ऑक्टोबर, दसरा
आप्पांना दवाखान्यातून घरी आणलंय. आवाज पार बारीक झालाय. म्हणाले, एकदा ऐकव की रे तिचा आवाज.
म्हटलं, थांबा, गॅरेजात जातो. गेलोही. मग काकूंच्या आयपॅडवर यूट्यूबवरचा जजचा आवाज लावला आणि फोन त्याच्याजवळ धरला.
आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, वाघ आहे, वाघ. आणि म्हणाले, चालू गाडी विकायची नाही हं पोरा. तुझ्या हातानं उभी राहिलीय. माझं बघू पुढं.
हे काही खोटं नाही. आवाज आधी ऐकवला, गाडी मागून सुरू होईल.

१३ ऑक्टोबर
ताईचा फोन. आप्पा ऑपरेशनला नाहीच म्हणतायत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून सांगतायत, पोरानं अमेरिकेत इंजिन उभं केलं. ताई म्हणाली, त्यांना सांग विकतोय म्हणून, तुझं ऐकतील. मी म्हटलं, आप्पांचा शब्द कसा मोडू? म्हणाली, आजवर कधी पाळलास?
फोन ठेवल्यावर वाटलं, खरं सांगून टाकावं. पण आजारी माणसाला धक्का बरा नव्हे. दिवाळीला सांगीन.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
फराळाच्या ऑर्डरींनी जीव गेला. आप्पांशी बोललो. विचारलं, पिकअप कसा आहे रे? म्हटलं, झकास.
भाऊबीजेला सांगीन.

३ नोव्हेंबर, भाऊबीज
आप्पा झोपले होते. उठवू नको म्हटलं.

९ नोव्हेंबर
आप्पा गेले. सकाळी चहा मागितला होता. ताई घेऊन आली तोवर गेले.
व्हिसा कधीच संपलाय, इथून निघालो तर परत येऊ देणार नाहीत. ताईला म्हटलं, सुट्टी मिळत नाही. ती नुसतं बरं म्हणाली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१६ नोव्हेंबर
बर्फ पडायच्या आत काकूंना गॅरेज मोकळं पाहिजे. बिचाऱ्यांनी आठवडाभर विषय काढला नाही. आज मीच भंगारवाल्याला बोलावलं. नंबर त्यानंही बघितला. वजनावर भाव केला.
साखळी लावून ओढली. लिंबं वाळून सुपारीसारखी झाली होती. एकेक टचकन फुटलं. रस नव्हता. गाडी त्यांच्यावरूनच बाहेर गेली. काकूंनी सवयीनं हात जोडले.
ताईला कळवलं, तेराव्यासाठी पैसे पाठवतोय. तिनं विचारलं, गाडी विकलीस? आप्पा नको म्हणाले होते ना? चालू गाडी विकलीस?
म्हटलं, हो. चालू होती.
तीनशे साठ डॉलर.