तपासनीस सात आणि फुकटच्या पाच रात्री

११ मार्च, सकाळी ९.४०
निळं क्रेडिट कार्ड मंजूर झालं. हेल्पलाइनवरच्या बाईंनी स्वतः सांगितलं. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

तीन महिने तीन कार्डं तपासत होतो. सोनेरी कार्ड: वार्षिक फी जबर, आणि फुकट नाश्ता एकट्यालाच. बाद. काळं कार्ड: पॉइंट भरपूर, पण हॉटेलं अशा ठिकाणी, जिथे कोणी आपणहून जाणार नाही. बाद. निळं कार्ड, एका हॉटेल साखळीचं: नव्वद दिवसांत ठरलेला खर्च केला की साठ हजार पॉइंट. त्यांच्या समुद्रकाठच्या हॉटेलात एका रात्रीला बारा हजार. म्हणजे पाच रात्री फुकट. चोवीस वर्षं काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. खोट माझ्या नजरेतून सुटत नाही.

चौदा जूनला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील. बायकोला सांगून टाकलं: समुद्रासमोरची खोली, पाच रात्री, पक्की.

अजून पक्की नाही. पण झाल्यातच जमा.

१२ मार्च
हिने रजेचा अर्ज दिला. ही मोठ्या लाँड्रीत सुपरवायझर आहे. रोज दोन हजार हॉटेलच्या चादरी हिच्या हाताखालून जातात. अकरा वर्षांत पहिलीच रजा. मॅनेजरने अर्ज उलटा करून मागची बाजूही बघितली म्हणे.

रात्री जेवताना म्हणाली, सुट्टीतही चादरीच बघायच्या म्हणा की. पण हसली. मग विचारलं, अहो, खरंच पक्की ना?

मी मान डोलावली. दुसरी पोळी नको झाली. बहुधा दुपारचं जेवण बाधलं.

२ एप्रिल
खर्च वेगाने पूर्ण करतोय. मेहुण्याचं वॉशिंग मशीन माझ्या कार्डावर घेतलं, त्याने पैसे जागेवर दिले. तो म्हणाला, भाऊजी, एवढा खटाटोप कशाला? माझ्या ओळखीच्या बाईंचं गेस्टहाऊस आहे समुद्राजवळ. एक फोन करतो, बस आणि खोली दोन्ही होतील. ताईला वाळूत पाय बुडवायचेत, हॉटेलचा दर्जा नाही मोजायचा.

मी नुसता हसलो. याला रिवॉर्ड कळत नाहीत. साध्या खोलीत माणूस फक्त झोपतो.

९ एप्रिल
कपाच्या कानाला तडा दिसला. लाल मेणपेन्सिलीने गोल काढला, आत फुली, शेजारी सात. कारखान्याची पद्धत. गोलात फुली म्हणजे बाद. गोलात टिंब म्हणजे पुन्हा तपासणी. सात म्हणजे मी.

ही म्हणाली, हे घर आहे हो! छत्रीवर सात, बादलीवर सात, दाराच्या मुठीवर सात. एक दिवस माझ्यावरही फुली माराल. मी म्हणालो, तुझ्यात खोट नाही. ही म्हणाली, नीट बघितलंय का कधी?

पेन्सिलीला टोक केलं.

८ मे, सकाळी
साठ हजार पॉइंट जमा! हेल्पलाइनने दुजोरा दिला.

८ मे, दुपारी
ॲपमध्ये जूनच्या सगळ्या तारखा करड्या, म्हणजे भरलेल्या, दिसतात. ॲप बंद करून पुन्हा उघडलं. फोनच बंद करून पुन्हा उघडला. करड्या.

हेल्पलाइनच्या बाई म्हणाल्या, सर, पॉइंटवाल्यांच्या खोल्या डिसेंबरातच संपतात. फक्त चांदी दर्जाच्या सभासदांसाठी काही राखीव असतात, आणि त्यांना पाचवी रात्र मोफत. मी विचारलं, चांदी कशी मिळते? त्या म्हणाल्या, आमच्या कुठल्याही हॉटेलात चार मुक्काम करा.

घाबरलो नाही. पंखा वाढवला, पण आज उकडतंयच.

८ मे, संध्याकाळी
तोडगा सापडला! पाचवी रात्र मोफत, म्हणजे समुद्राला अठ्ठेचाळीस हजारच लागतील. उरले बारा. यांचंच एक स्वस्त हॉटेल बस डेपोमागे आहे, घरापासून पंधरा मिनिटांवर. तिथे मुक्कामाला तीन हजार पॉइंट. चार मुक्काम, बारा हजार. इतकं चोख बसलं, की जरा धस्सच झालं.

हिला सांगायचं नाही. झाल्यावर सांगू. आधी सांगितलं तर मजा जाते.

१२ मे
पहिला मुक्काम. जेवणाच्या सुट्टीत गेलो. खोली २०४. चेक-इन केलं, झोपून उठल्यासारखी चादर विस्कटली, उशीला मधोमध बुक्की मारली. पंचवीस मिनिटांत बाहेर. लिफ्टच्या आरशात एक फरारी माणूस दिसला. नीट बघितल्यावर ओळख पटली.

चादरीच्या कोपऱ्यात धागा सुटला होता. खूण केली. खोट ती खोट.

१४ मे
दुसरा मुक्काम. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, साहेब, सामान? मी म्हणालो, मागून येतंय. त्याने आवाज खाली आणून विचारलं, आणि मॅडम? मी म्हणालो, मॅडमना यातलं काही माहीत नाही. तो म्हणाला, समजलं साहेब, आमच्याकडून कुठे जाणार नाही.

समजूतदार माणूस. चादरीवर चहाचा जुना डाग होता, गोल केला.

१९ मे
तिसरा मुक्काम. बाहेर पडताना डेपोच्या गेटपाशी मेहुणा दिसला. खांबामागे झालो. खांब बारीक होता. दिसलो नसेन.

२१ मे
जेवताना ही म्हणाली, डेपोमागच्या हॉटेलच्या चादरींवर लाल खुणा येताहेत. दोन धुतल्या, निघाल्या नाहीत. आज तिसरी आली. मेण असावं. तुम्हाला काय वाटतं, कशाने निघेल?

पाणी प्यायलो. मग शांतपणे सांगितलं, की आधी मेण खरवडायचं, मग दोन्ही बाजूंना टीपकागद ठेवून इस्त्री फिरवायची. ही म्हणाली, तुम्हाला बरंच माहीत आहे. मी म्हणालो, पेशा आहे. ही म्हणाली, हो, पेशा तर दिसतोच.

आणि माझ्याकडे बघत राहिली. हिला माझ्या ज्ञानाचं कौतुक आहे. संशय अजिबात नाही. लाँड्रीत इतक्या हॉटेलांच्या चादरी येतात, कोणाच्या लक्षात राहतंय!

२६ मे
चौथा मुक्काम. आज शपथ घेतली होती, खूण करायची नाही. पेन्सिल ऑफिसात ठेवून गेलो. चादरीच्या मध्यावरच भोक. रुपयाएवढं. पंधरा मिनिटं सोसलं. मग खिशात दुसरी पेन्सिल निघाली.

२७ मे
हेल्पलाइन. बाई म्हणाल्या, सर, पॉइंट देऊन केलेले मुक्काम दर्जासाठी धरत नाहीत. नियम एकतीस, उपकलम ग.

मी तीसपर्यंत वाचले होते.

म्हणजे चांदी नाही. म्हणजे राखीव खोली नाही. चार रात्रींचे पॉइंट हातात आहेत आणि समुद्राकाठी खोलीच नाही. खुर्चीत बसून होतो. हिला आजच सांगणार.

२८ मे
काल ही थकून आली होती. आज सांगणार.

२९ मे
हिने उन्हाची टोपी आणली. आरशासमोर तीनदा घालून बघितली. आज नको.

१ जून
मी घरात शिरलो की ही बोलायची थांबते. फोनवर मेहुणा असतो. सरप्राइज पार्टी असणार.

३ जून, संध्याकाळी ७
पार्टी नव्हती.

घरी आलो तर टेबलावर चार चादरी, घड्या घालून, एकावर एक. चारही गोल वरच्या बाजूला. चार फुल्या, चार सात. ही समोर बसलेली. हात मांडीवर. विचारलं, कोण आहे ती?

आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. कारखान्यात भट्टी फुटली त्या दिवशीही नाही. म्हणालो, कोणी नाही गं. पॉइंट आहेत.

सगळं सांगितलं. निळं कार्ड, चांदी, उपकलम ग. ॲप उघडून दाखवलं. हिने चष्मा लावून पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाली, तीन आठवडे मी त्या हॉटेलची चादर उलगडली की हात धुतेय आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडतेय. भावाने तुम्हाला डेपोवर खांबामागे बघितलं. म्हणाला, ताई, धीर धर. आणि तुम्ही भर दुपारी एकटे जाऊन उशीला बुक्क्या मारत होतात? बाई असती तर निदान कळलं तरी असतं!

मला वाटलं, हसेल. ओठाचा कोपरा हललासुद्धा. मग हिने विचारलं, आणि समुद्राची खोली?

सांगितलं, की नाही.

कधीपासून नाही?

मार्चपासून, म्हणालो.

तेव्हा ओठ हलायचा थांबला. चादरी उचलून गेली. खरा राग बाईचा नव्हता. मार्चचा होता.

६ जून
बोलणं कामापुरतं. कडी लावा. दिवा घालवा. परिस्थिती सुधारतेय, काल फक्त कडी होती.

९ जून
मेहुण्याचा फोन. म्हणाला, भाऊजी, मी दिलेला नंबर ताईनेच फिरवला. गेस्टहाऊसमध्ये पाच रात्री, तेराची सकाळची बस. तिने तिच्या पैशाने काढलं. मी विचारलं, सीट किती? तो म्हणाला, दोन. दुसरी कोणाची, ते ताई सांगेल. मला मध्ये ओढू नका, मला अजून ते वॉशिंग मशीनही चालवता येत नाही.

हिची मोठी बहीण मोकळीच असते. हे आत्ताच का आठवावं?

१२ जून, संध्याकाळी
कार्ड रद्द करायला फोन केला. बाई म्हणाल्या, सर, थांबलात तर दहा हजार पॉइंट देऊ. मी ठामपणे नाही म्हणालो. चौथ्या वेळेला.

हिची बॅग दाराशी आहे. वर टोपी. माझी बॅग भरून कपाटात लपवली आहे. आधीच दाराशी ठेवली तर गृहीत धरल्यासारखं दिसेल.

मघाशी दाढी करायला आरशासमोर गेलो. आरशावर लाल मेणाने गोल काढलेला, बरोबर माझं तोंड येतं त्या उंचीवर. पेन्सिल माझीच, खिशातून गेलेली. डोळे मिटले. फुली बघायची हिंमत नव्हती. मग एक डोळा उघडला.

फुली नाही. टिंब आहे.

पुन्हा तपासणी. बस सात वाजता सुटते. साडेसहाला बॅग घेऊन दाराशी उभा राहीन. पेन्सिल घरी ठेवणार आहे. दोन्ही.