पुढच्या डाव्या चाकाचा आवाज

१९ फेब्रु.
आज पुन्हा तोच आवाज. पुढच्या डाव्या चाकातून, घूंऽऽ. बोईसरच्या बाजारात मासळीच्या पाट्या उतरवून येताना व्हॅन रिकामी होती म्हणून नीट ऐकू आला. वेग घेतला की वाढतो. उजवीकडे वळलं की जास्तच. टायरचा असेल म्हणून इतके दिवस गप्प बसले, आता नाही बसवत. पोरीचे, प्रणालीचे, दिवस भरत आलेत. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी, दांडीला आणलीय आणि पालघरच्या हॉस्पिटलात न्यायचं ते याच व्हॅनमधून. जावयाकडे नुसती बाइक.
यांना सांगितलं. बोटीवरून नुकतेच आलेले, भुकेले. "तुला सगळीकडे आवाजच ऐकू येतात. गाडी हाय, बोलणारच." असा संताप आला! बोटीचं इंजिन जरा कुरकुरलं की स्वतः दहा वेळा वाकून बघतात.

२१ फेब्रु.
शेवटी यांनी जॅक लावला. प्रणालीने सांगितलं म्हणून, माझं कोण ऐकतंय. चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं. खड्, खड्. मला म्हणाले, ब्रेक दाबून धर. धरला, खडखड बंद. म्हणजे बेरिंग.
मग चाक दोन्ही बाजूंनी धरून आडवं हलवलं. तेव्हाही हललं, थोडंसंच. स्टिअरिंगकडून चाकाला जो दांडा येतो, टाय रॉड, त्याच्या टोकाच्या सांध्यावर मी बोट ठेवलं. टकटक लागत होती बोटाला.
"ते एवढं असतंच," हे म्हणाले.
एवढं म्हणजे केवढं? तोवर यांनी जॅक खाली घेतलाही.

२३ फेब्रु.
सालवडच्या गॅरेजात दिली. जुनं बेरिंग काढलं तर ग्रीसचा पत्ता नाही, नुसता गंज आणि वाळू. मेकॅनिक हसायला लागला. "भाभी, गाडी समंदर में चलाते हो क्या?"
मीही हसले. मग एकदम हसू गेलं. चालवतोच की! बोट आली की पाड्यातले सगळे टेम्पो नि व्हॅन पार लाटेपर्यंत नेतात, खोके डोक्यावरून वाहायला नकोत म्हणून. खाऱ्या पाण्याला आमच्यात कोण भितं? जन्म त्यातच गेला. कधी मनातच आलं नाही.
बेरिंग नवं बसवलं. टाय रॉडचा सांधा त्याच्याकडे नव्हता, मागवतो म्हणाला. "तब तक धीरे चलाना. ये निकल गया तो पहिया अपनी मर्जी से जाएगा." घरी येईपर्यंत कानात तेच. यांना फक्त गाडी पाण्यात नेऊ नका एवढं बजावलं, सांध्याचं सांगितलं नाही. प्रणालीला तर नाहीच.

२५ फेब्रु.
आवाज गेला. हे खूश. "बघ, झाली ना बरी?" नाही झाली. खड्डा आला की स्टिअरिंगमध्ये टक्. सरळ रस्त्यावरही हातात जरा सैल लागतं. बाजाराच्या बायका मागे गप्पा मारतायत, मी पुढे हळूहळू हाकतेय, घामाघूम. पद्मावैनी म्हणाली, "हेमा, बैलगाडी हाय का गो?" हसले वरवर.

२७ फेब्रु.
गॅरेज बंद. शेजारचा चहावाला म्हणाला, "गाँव गया, होली के बाद आएगा." बोईसरात आणखी दोन ठिकाणी गेले. एकाचं शटर खाली. दुसऱ्याकडे मालक एकटाच, कामगार सगळे गावी. तोही होळीनंतरच म्हणाला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडाभर तरी आहे अजून. पण बाळाला कोण सांगणार, मेकॅनिक येईपर्यंत थांब म्हणून.

१ मार्च
आज तोंड सुटलं माझं. दुपारी गाडीजवळून जाताना चाक ओलं दिसलं. आत बोट घातलं, चिखल आणि मीठ. पुन्हा पाण्यात नेली! एवढं सांगून!
"भरती चढत होती, खोके वाहून गेले असते," हे म्हणाले.
"आणि पोरगी वाहून गेली म्हणजे?"
बोलायला नको होतं असं अभद्र. प्रणाली दारात उभी होती. "भांडू नका ना, बाळ ऐकतंय," म्हणाली, आणि तिलाच रडू फुटलं. मग तो टाय रॉडचा प्रकार तिच्यासमोरच सांगावा लागला दोघांना. हे उठले, बोअरवेलच्या पाण्याने चाकं धूत बसले, बराच वेळ. धुऊन सांधा घट्ट होतो का? तरी मीही बादली भरून दिली.

३ मार्च, होळी
बोटी सगळ्या घरी. पताका, वाजंत्री. बाळंतपणाची पिशवी भरून ठेवलीय. यांनी आपणहून शब्द दिला, उद्या एक घोट घेणार नाय. तेवढाच जिवाला आधार. प्रणालीची कंबर दुखतेय संध्याकाळपासून. रोजच दुखते म्हणते.

४ मार्च, धुळवड. दुपार.
कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्स मनोरला हायवेवर गेलीय, तिथून सुटली की पाठवतो म्हणाले. कधी सुटेल? सांगता येत नाही. पाड्यात टेम्पो चार उभे आहेत, पण शुद्धीवर ड्रायव्हर एक नाही. हेही शुद्धीवर नाहीत. बोटीवरच्या पोरांनी धरून नेलं नि पाजली, म्हणे. आता नळाखाली डोकं धरून उभे आहेत. रागवायला अंगात त्राण नाही. फोन जवळ ठेवून हे लिहीत बसलेय. थांबावं की निघावं? थांबले आणि घरातच काही झालं तर? निघाले आणि रस्त्यात तो सांधा...
पुन्हा फोन केला. अजून नाही.
यांना विचारलं, "पोचेल ना हो पालघरपर्यंत?" मला वाटलं, हसण्यावारी नेतील, मग मी चिडेन, आणि चिडले की मला धीर येतो. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "हळू ने," म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं.
प्रणाली जाऊन बसलीय गाडीत. मागे आडवी हो म्हटलं तर ऐकत नाही. पुढे, माझ्याशेजारीच बसायचंय तिला. हाक मारतेय.