सत्ताविसावी रेघ

४ नोव्हेंबर
नाशिकहून काल रात्री निघाले, आज दुपारी रिठदच्या मळ्यात पोचले. आठवा महिना लागला आहे. माझी आई हयात नाही, म्हणून बाळंतपण सासरी करायचं ठरलं. सुटी मिळाली की नवरा, पवन, येईल. मामाजींनी, म्हणजे सासरे दौलतरावांनी, फाट्यावरच विचारलं, पोट घेऊन आली का कोबीचं पोतं. सासूबाई हौसाबाई कमी बोलतात, पण माझ्यापुरती मेथी वेगळी, बिनतिखट केली. माझी खोली मातीच्या भिंतींची, थंडगार. कोपऱ्यात धान्याची कोठी, खिडकीबाहेर सांभाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, वाफे. मला इथं आवडणार.

९ नोव्हेंबर
आजपासून तळहात आणि तळपाय खाजू लागलेत. पुरळ नाही, चट्टा नाही. सासूबाई म्हणाल्या, बाळाले केस येऊन राह्यले, म्हणून खाजते. मामाजी म्हणाले, मंग नातवाले दवाखान्यातून सीधा न्हाव्याकडंच नेतो. खूप हसलो. सासूबाई हसल्या नाहीत.

१५ नोव्हेंबर
झोप नाही. ओरबाडू नये म्हणून हातांत पायमोजे घालून झोपते. लघवी गडद होते. वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. यकृतातलं पित्त वाहायचं थांबून रक्तात साठतंय, त्याची ही खाज. आईला त्रास, पण खरा धोका बाळाला. शेवटच्या आठवड्यांत ते पोटातच, काही चाहूल न देता, जाऊ शकतं. रोज गोळ्या, दर आठवड्याला तपासणी, बाळाची हालचाल मोजायची. हालचाल कमी वाटली तर त्याच क्षणी निघायचं. सदतीस आठवडे भरले की ९ डिसेंबरला बाळ बाहेर काढणार.
घरी हे सांगितलं तेव्हा सासूबाई उठून वाफ्यात गेल्या.

२९ नोव्हेंबर
झाडताना कोठीमागच्या भिंतीवर रेघा दिसल्या, नखानं ओढलेल्या. जुन्या तीन ओळी, प्रत्येकीत सव्वीस रेघा.
सासूबाईंनी शेवटी सांगितलं. पवनच्या आधी तीन लेकरं नवव्या महिन्यात पोटातच गेली. तिन्ही वेळा हीच खाज. पवन आठव्यातच झाला, म्हणून हाती लागला. खाज सुटल्यापासून ज्या सकाळी बाळ हललं, त्या सकाळी त्या एक रेघ ओढायच्या.
खाली चौथी ओळ आहे. माती ताजी. एकवीस रेघा. मला खाज सुटून आज एकवीस दिवस झाले.
सासूबाई म्हणतात, हे म्या नाई ओढलं, बाई.
माझ्या पायमोज्यांत माती आहे.

३० नोव्हेंबर
डोळे पिवळे दिसू लागले. सासूबाईंनी कावीळ उतरवणाऱ्या भिवाजींना बोलावलं. पाच दिवस उतारा. तोवर घर सोडायचं नाही आणि गोळ्या बंद, नाहीतर कावीळ लेकरावर जाते म्हणे. मी नाही म्हटलं. मग भिवाजींनी कसलीशी भुकटी माझ्या हातांना चोळली आणि चुन्याच्या निवळीत हात धुतले. पाणी हळदीसारखं झालं. सासूबाई रडत होत्या. गोळ्या मीच त्यांच्या हाती दिल्या.

२ डिसेंबर
खाज कमी झाली— की मला तसं वाटायला हवंय? तपासणी चुकवली. पवनला सांगितलं नाही. चोवीस रेघा.

४ डिसेंबर
संध्याकाळी शेवटचा उतारा झाला. भिवाजी गेल्यावर उरलेली भुकटी मामाजींनी गंमत म्हणून स्वतःच्या हातांना चोळली. पाणी पिवळं झालं. म्हणाले, मले कोनता महिना लागला वो? मग त्यांचं हसू थांबलं. सासूबाईंनीही हात धुतले. पिवळं.
सासूबाईंनी गोळ्या आणून माझ्या हाती परत दिल्या. गोळी घेतली. डॉक्टरीणबाईंचा फोन लागत नाही. बाळ हललं, पण रोजच्यासारखं नाही. त्याच क्षणी निघायचं होतं— मामाजी म्हणाले सकाळीच निघू, आणि मी हो म्हटलं.
सव्वीस रेघा.

५ डिसेंबर, सहा वाजता
नवी रेघ नाही. पायमोजे स्वच्छ—

साडेसहा
डाव्या कुशीवर. साखरपाणी घेतलं. काही नाही. १०८ ला फोन केला, गाडी निघाली आहे. मामाजी फाट्यावर जाऊन उभे—

सात
नाही—
सासूबाई भिंतीशी बसल्यात. म्हणतात, तू ओढ रेघ, तू ओढली का हलते ते. मी म्हटलं, आधी त्यानं हलायचं, मग—

गाडीचा भोंगा. लांब आहे अजून. सासूबाईंनी माझा डावा हात धरून नख भिंतीला टेकवलंय. मी दाबत नाही. आधी त्यानं— त्या सारख्या म्हणताहेत, ओढ बाई, ओढ—
पोटात आत्ता काहीतरी— ही लाथ की माझाच ठोका—