गणितातला नळ

प्रिय अहो,

बघा, पत्रातसुद्धा तुमचं नाव लिहायला हात धजत नाही. सईनं वाचलं तर हसेल. पण आज लिहायलाच हवं होतं, कारण काल तिनं गणिताचं पुस्तक उघडलं. म्हणजे उघडलं मी, पण पुढचं सगळं तिनं केलं. तुमच्याशिवाय आणखी कुणाला सांगू हे?

दिवाळीनंतर तुम्ही गेलात, तेरावं झालं आणि पोरीनं गणिताशी बोलणंच सोडलं. मराठी करायची, विज्ञान करायची, चित्रं तर रोज काढायची. गणिताचा गृहपाठ आला की पोट दुखायचं, डोकं दुखायचं. मी म्हटलं, राहू दे थोडे दिवस. पण चाचणीत तिनं कोरा पेपर दिला. सरांनी मला शाळेत बोलावलं.

"ताई, पोरगी लई हुशार हाय. पन पेपरवर नाव टाकून नुसती बसून ऱ्हायली. अशानं वर्ष हातचं जाईल."

घरी येताना रिक्षात तिला विचारलं, येत नव्हतं का गं? बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाली, "येत होतं. पप्पा नसताना नाय करायचं मला."

मला भीती वाटली ती नापास होण्याची नव्हती. तुमच्या मागोमाग तिची एवढी आवडती गोष्टही घरातून निघून जाते की काय, ही होती.

तुमची ती पद्धत आठवते? वाळूजहून कंपनीची बस आली की कपडेही न बदलता ओट्यावर बैठक. "एका वळीत एकच पायरी. उडी मारायची नाय," असं तिला बजावायचं आणि मग स्वतःच एक पायरी हळूच चुकवायची. "चार सक पंचवीस. बरोबर हाय ना सईबाई?" ती किंचाळायची, "पप्पा, चोवीस!" आणि तुम्ही कपाळाला हात लावून, "आरं तिच्या, व्हय की!" उत्तरापर्यंत पोचायच्या आत चूक सापडली नाही तर तुम्ही जिंकलात, सापडली तर ती. आत माझा चहा गार होत असायचा. मी ओरडायचे, गणित करताय का तमाशा? तुम्ही म्हणायचात, "दोन्ही!"

एक विचारू? मला कधी शेजारी का नाही बसवलंत हो? "तुला कशाला डोक्याला ताप," म्हणायचात. आता तो ताप एकटीच्याच डोक्याला आला ना!

तर कालची गोष्ट. नळाचा दिवस होता. यंदाही धरणानं तळ गाठलाय आणि नळ आठवड्यातून एकदा आला तरी नशीब म्हणायचं. तुम्ही प्लॉट घेतलात तेव्हा आपल्या मागं ज्वारी होती. आता सहा मजली इमारत उभी आहे आणि तिचे टँकर दिवसभर गल्ली अडवतात. मी मोटर लावली, फॉल-पिकोचं मशीन बंद केलं आणि सई पलीकडे चित्र काढत असताना तिचं पुस्तक घेऊन बसले. ठरवलं होतं, तिला काही म्हणायचं नाही. आपलं आपण एक गणित सोडवायचं. मोठ्यानं.

"एका टाकीला दोन नळ आहेत," मी वाचलं. "पहिला नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल?"

खरं सांगते, मी अगदी मनापासून विचार केला. कान मोटरीकडे होते. आणि कागदावर लिहिलं: नळ पाऊण तासात जातो, म्हणून टाकी भरणार नाही. तेही मोठ्यानं वाचलं!

पलीकडे पेन्सिल आपटली. "आई! गणितातला नळ जात नसतो!"

"बरं बाई, नाही जात," मी म्हटलं. "मग चार आणि सहा, दहा तास."

"दोन नळ लावल्यावर जास्त वेळ कसा लागंल? काय पन करते!" ती उठून आलीच. माझ्या हातातला कागद ओढला. मी श्वास धरून बसले.

"आधी एका तासाचं बघायचं. टाकीचे बारा भाग कर."

"बाराच का?"

"चार आन् साहाचा लसावि बारा. पहिला नळ तासाला तीन भाग भरतो, दुसरा दोन. मिळून किती?"

"पाच."

"मंग बारा भागिले पाच. दोन तास, आन् वरची चोवीस मिनिटं." एकाखाली एक, एका ओळीत एक पायरी. अगदी तुमच्यासारखं. मग माझ्याकडे डोळे बारीक करून बघत म्हणाली, "तू पप्पांसारखी मुद्दाम चुकत होतीस ना?"

हो म्हणायचा मोह झाला हो! पण खोटं बोलवेना. "नाही गं. मला खरंच येत नाही."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच, "पप्पांचं तरी सगळं मुद्दाम असायचं का?"

"मला काय ठाऊक!"

"नसायचं. शेकडेवारीच्या टायमाला त्यांना घाम फुटला होता." आणि ती हसायला लागली. मीही. हसता हसता कधी रडायला लागलो कळलं नाही. इतके दिवस ती तिच्या कोपऱ्यात रडत होती, मी माझ्या. काल पहिल्यांदा एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. मोटर कोरडीच घुरघुरत राहिली, टाकी अर्धीच भरली. भरू दे अर्धी!

आज सकाळी शाळेत जाताना ती स्वतःच म्हणाली, कोरी सोडलेली चाचणी परत घ्या म्हणून सरांना विचारते. मी नुसती मान हलवली. फार आनंद दाखवला तर बिथरेल असं वाटलं.

शब्द देते तुम्हाला. साड्यांचा कितीही ढीग पडो, संध्याकाळी मशीन बंद करून मी ओट्यावर बसेन. पुढच्या वर्षी बीजगणित येईल, त्यातलं तर मला ओ की ठो कळणार नाही. तरी बसेन. मी समजत होते गणित तुमच्याबरोबर गेलं. ते तिचंच होतं, तुम्ही फक्त शेजारी बसायचात. आणि तेवढं मला येतं.

तुमचीच,
वैशाली