खुर्ची एकच सांग

ता. ४ मार्च, दुपार

चि. ठकूस अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग.

इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. तू पाय लोंबते ठेवून बसू नकोस, सूज चढते, असं तुझी आई सांगते आहे. ती समोरच बसली आहे. माझ्या दुकानातला बटणांचा डबा घेऊन रंगाप्रमाणे बटणं निवडते आहे. दुकान बंद करून इतकी वर्षं झाली, पण डबा काही संपत नाही.

तिकिटं मिळाली. औषधवाल्याने कागदावर काढून दिली. हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं. पण तू म्हणतेस, "बाबा, काही काळजी करू नका," मी म्हणतो "बरं", आणि फोन ठेवला की काळजी जागच्या जागी. म्हणून लिहायला बसलो. पानांचे फोटो काढून पाठवायला आता मला येतं. मध्ये अंगठा आला तर तेवढं सोडून वाच.

इथून विमानात बसायची मला भीती नाही. तुझ्याकडे उतरायचीही नाही, तिथे तू असशील. जीव टांगला आहे तो मधल्या विमानतळावर, जिथे विमान बदलायचं. तू पाठवलेला नकाशा भिंग घेऊन पाहिला. ते विमानतळ नाही, गाव आहे. न्हावी एकदा तिथून गेला होता. तो म्हणतो, "काका, तिथे साऱ्या जगाची विमानं येतात नि साऱ्या जगाला जातात. चुकीच्या दारातून आत गेलात की भलत्याच खंडात. दाढी करून जा, फोटोतला माणूस तुम्हीच आहात हे तरी पटेल." त्याचं काय जातं हसायला!

तर मला एवढं कळव. एका इमारतीतून दुसरीत जायला गाडी आहे आणि तिला चालवणारा माणूसच नाही, हे खरं का? तिची दारं किती वेळ उघडी राहतात? एक माणूस आत गेला आणि एक बाहेर राहिला, तर आतल्याने पुढे उतरून थांबायचं की बाहेरच्याने मागची गाडी धरायची? दोघंही एकमेकांना शोधायला निघाले तर जन्मात भेट व्हायची नाही. तिथे नाव पुकारत नाहीत, फलकच बघत बसायचं, असंही न्हावी म्हणतो. शहराकडे बाहेर पडायची वाट कुठे आहे आणि चुकून तिकडे गेलं तर कुणी अडवतं का? आणि हसू नकोस, पण बायकांच्या स्वच्छतागृहाला दार एक असतं की दोन?

इथून थेट विमान नाहीच का?

आम्हां दोघांना एकाच कापडाची जाकिटं शिवली आहेत. हळदीपेक्षा पिवळी. न्हावी म्हणाला, रस्ता खोदायला निघाल्यासारखे दिसाल. दिसू दे.

उत्तर लिहूनच पाठव.

तुझा
बाबा


ता. ११ मार्च, दुपार

चि. ठकूस आशीर्वाद.

तुझं उत्तर औषधवाल्याकडून मोठ्या अक्षरात काढून घेतलं. गाडीचं कळलं. फलकाचंही कळलं. स्वच्छतागृहाबद्दल तू लिहितेस, "बाबा, मी दारं मोजली नाहीत, तुम्हाला नेमकं काय झालंय?" मला काही झालेलं नाही. शिंप्याची सवय, माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही.

दोघांसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवतेस म्हणालीस. चालता येत असलं तरी सगळ्यांचे आईबाप असेच येतात, कारण मग ते लोक एका विमानाच्या दारातून दुसऱ्या विमानाच्या दारात नेऊन सोडतात आणि कुठे काही विचारावं लागत नाही. हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी काय पांगळी आहे? यांना बसवा. जिना चढताना यांचे गुडघे शेजारच्यांना ऐकू जातात." एकदा बोलायला लागली की अजूनही कुणाला ऐकत नाही.

पण ठकू, दोन खुर्च्या म्हणजे ढकलणारे दोन. एकाने डावीकडे वळवली नि दुसऱ्याने उजवीकडे, तर? न्हाव्याच्या मावशीला एका कोपऱ्यात म्हाताऱ्यांच्या रांगेत लावून ठेवलं होतं. ढकलणाऱ्याची पाळी संपली, तो घरी गेला. मावशी तोंडाने खमकी, तिने आरडाओरडा करून माणसं जमवली. सगळ्यांना तसं जमतं असं नाही.

म्हणून मी रंगीत तालीम करायची ठरवली. आईला घेऊन इथल्याच विमानतळावर गेलो, पाहुण्यांचा पास काढून आत शिरलो. बस थेट इमारतीच्या पोटात जाते. वरच्या मजल्यावरून जाणारे, खालच्या मजल्यावर येणारे, आणि मधे काचेची लिफ्ट. आईला फार आवडलं. सरकत्या पट्ट्यावर आधी पाय टाकेना, मग उतरेना. "घरात असा एक बसवून घ्या, तुमच्या गुडघ्यांना बरा," म्हणाली. मी रिकामी बॅग ढकलगाडीवर घालून फिरवली. आमच्याकडे कुणी पाहतसुद्धा नव्हतं. तिथे सगळेच घाबरलेले असतात, प्रत्येकजण आपापल्या फलकाकडे मान वर करून उभा.

इथल्या बायकांच्या स्वच्छतागृहाला दोन दारं आहेत. एक दालनात उघडतं, दुसरं बसथांब्याकडे जाणाऱ्या बोळात. मी दालनातल्या दाराशी उभा होतो. असो. मग चहा घेतला आणि बसने घरी आलो. काळजीचं काही नाही.

तू लिहिलंस की आई आली म्हणजे तू निर्धास्त होशील, बाळ थोडं मोठं झालं की कामावर जाशील आणि आई घरी बाळाकडे बघेल. ते आपण समोरासमोर बोलू.

थेट विमानाचं पुन्हा एकदा बघ.

तुझा
बाबा


ता. १४ मार्च, सकाळ

ठकू,

काल तू फोनवर विचारलंस, "बाबा, पत्रात 'असो' लिहिलंय, असो म्हणजे काय?" मी म्हटलं, इथे रस्त्यावर गाड्यांचा आवाज आहे, ऐकू येत नाही. गाड्या नव्हत्या. आई शेजारी होती. ती नेहमीच शेजारी असते. मी तिला नजरेआड होऊ देत नाही. पत्र लिहितो ते त्यासाठीच.

'असो' म्हणजे हे.

मी दाराशी उभा राहिलो. बायका आत जात होत्या, बाहेर येत होत्या, तुझी आई येईना. शेवटी सफाईवालीला म्हटलं, "बाई, आत पिवळ्या जाकिटातली म्हातारी आहे का बघा हो." ती जाऊन आली. "कुणी नाही, आजोबा. ते दार तिकडं उघडतंय, तिकडून गेल्या असतील."

बोळातून धावलो. समोर बसथांबा. एक बस सुटत होती, दुसरी भरत होती. मी एकेका बसमध्ये चढून खिडक्या पाहत होतो. एक चालक म्हणाला, "काका, चढायचं की उतरायचं, एक काय ते ठरवा." सुटलेल्या बसमध्ये ती असेल तर ती बस शहरात कुठे जाते हेही मला ठाऊक नव्हतं. पहारेकऱ्याने विचारलं, "अंगावर काय होतं?" ठकू, मला सांगता येईना. स्वतः माप घेऊन शिवलेलं जाकीट, त्याचा रंग आठवेना. त्याने माझ्या अंगाकडे बोट दाखवलं. "असलंच का? मग त्या खाली आहेत, येणाऱ्यांच्या दाराशी."

खाली गेलो. नावांच्या पाट्या धरून उभ्या असलेल्या माणसांत ती सगळ्यांत पुढे, कठड्याला धरून उभी. मला पाहून तीच रागावली. "कुठे होतात इतका वेळ? ती आली असती नि कुणीच नसतं तर?"

"कोण?"

"कोण काय? ठकू! पोटुशी पोर, एकटी येते आहे."

शेजारचा पाटीवाला म्हणाला, "आजींना मीच पुढं जागा दिली. लेक यायचीय ना."

त्या विमानाचा शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत तिच्याबरोबर कठड्याला धरून उभा राहिलो. मग तीच म्हणाली, "पुढच्या विमानाने येईल," आणि शहाण्यासारखी चालू लागली. बसमध्ये मी तिच्या जाकिटाची बाही सोडेना. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "घाबरता कशाला? मी आहे ना."

तुझी गोड बातमी येण्याच्या थोडं आधी डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं. हा विसरण्याचा आजार मागे फिरत नाही. गोळ्यांनी फार तर सावकाश चालतो. बातमी आली त्या दिवशी आई अगदी पूर्वीसारखी होती. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "तिला सांगू नका. सांगितलंत तर ती माझ्या हातात बाळ देणार नाही." मी शब्द दिला. आज मोडतो आहे.

मोडायचं कारण तुझं ते वाक्य, की आई घरी बाळाकडे बघेल. तसं होणार नाही, ठकू. परवा तिने दूध गॅसवर ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसली. भांडं काळं झालं, घरभर धूर, आणि ती म्हणते, "शेजारी काय जाळताहेत?" मी जरा अंगणात गेलो होतो. त्या भांड्याकडे बघून माझ्या मनात काय आलं ते मला लिहवत नाही. तू आई होणार आहेस, तुला कळेल. बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवायचं नाही, एवढ्याशा वेळेसाठीही नाही. आणि ती बटणं. रोज ती निवडते, आणि रोज सकाळी ती उठायच्या आत मी पुन्हा मिसळून ठेवतो.

मग येता कशाला, असं तू म्हणशील. रोज सकाळी ती विचारते, "आज निघायचं ना?" बाकी पुष्कळ गेलं, हे गेलेलं नाही. ते आहे तोवर तिला आणावं असं मला वाटतं. आणि त्याच क्षणी ती बिनचालकाची गाडी डोळ्यांपुढे येते. दारं मिटली आहेत, काचेआड ती, आणि मी बाहेर.

आईला शेजारणीजवळ बसवून न्हाव्याला काल सगळं सांगितलं. पहिल्यांदाच हसला नाही. वस्तरा बाजूला ठेवून म्हणाला, "काका, खुर्चीवाल्यांसाठी वेगळं स्वच्छतागृह असतं. मोठं. सोबतच्या माणसालाही आत जाता येतं. दार एकच." ते एवढं ऐकून मला रडू आलं, अर्धी दाढी तशीच.

तर खुर्ची एकच सांग. तिची. कारण विचारतील तेव्हा पाय दुखतात असं सांगू नकोस, खरं सांग. माझ्या पायांना काही झालेलं नाही. मी खुर्चीचा दांडा धरून चालेन. ढकलणाऱ्याला आवडो न आवडो.

एकच गोष्ट मला अजून झोपू देत नाही. मधेच मला काही झालं तर? नाव न पुकारणाऱ्या त्या गावात ती खुर्चीत बसून राहील आणि कुणाची वाट बघायची तेही तिला आठवणार नाही. म्हणून दोन्ही जाकिटांच्या कॉलरमध्ये आतून पट्टी शिवली आहे, तुझं नाव आणि नंबर. कापड एकच घेतलं तेही त्याचसाठी. दोघांतलं एक पडलं तरी दुसरं कुणाचं ते बघणाऱ्याला कळावं.

एक मागतो. बाळ तिच्या हातात दे. तिला खाली बसवून दे. मी शेजारी असेन, तिच्या हातांखाली माझे हात असतील. एवढं जमणार असेल तर आम्ही निघतो. नसेल, तर "येऊ नका" इतकंच लिही, मी रागावणार नाही. पण फोनवर सांगू नकोस. ती ऐकते. तिला काय सांगायचं ते मग मी बघेन.

तिची बटणं निवडून झाली. मला हाक मारते आहे, आणि आज माझ्या नावाने मारते आहे.

खुर्चीमागून चालणारा,
तुझा बाबा